दोनदा घडलेले झाड

शाळेच्या पुस्तकात वनस्पतिसृष्टीचा जिना चढत जातो. तळाला शैवाल, वर मॉस, त्यावर नेचे, मग सूचिपर्णी वृक्ष आणि शेवटी फुलझाडे. नेच्यांच्या पायरीवर, उदाहरणांच्या यादीत अगदी शेवटी, लायकोपोडियम आणि सिलॅजिनेला ही दोन नावे असतात. मुले ती पाठ करतात, रिकाम्या जागा भरताना लिहितात आणि पेपर झाला की सोडून देतात. हे पुस्तक त्या दोन नावांचे, त्यांच्या कुळाचे आणि त्या कुळाच्याही आधी जमिनीवर उभ्या राहिलेल्या वनस्पतींचे आहे. ते लिहिण्यामागे एकच आग्रह आहे. जिन्याचे चित्र या कुळावर अन्याय करते. लायकोपॉड, म्हणजेच हे कूळ, ही फुलझाडांकडे जाणारी पायरी नाही. पाणी वाहून नेणाऱ्या वनस्पतींच्या वंशवृक्षाला ४२ कोटी वर्षांपूर्वीच जो पहिला मोठा फाटा फुटला, त्याची ती एक बाजू आहे. नेचे, सूचिपर्णी, वड, गहू, आंबा हे सगळे दुसऱ्या बाजूला. आणि पान, मूळ, उंच खोड, इतकेच काय बीजासारखी रचनासुद्धा, या कुळाने दुसऱ्या बाजूकडून उसने न घेता स्वतः घडवले.

हे समजून घ्यायचे तर आधी जमिनीवर राहण्याची अडचण समजली पाहिजे. पाण्यातल्या शैवालाला तहान नसते. सगळ्या अंगाने ते पाणी घेते, पाणीच त्याला तोलून धरते आणि त्याच्या जननपेशी पोहत जातात. जमिनीवर आल्यावर अंग वाळू नये म्हणून त्यावर मेणचट थर हवा. तो थर आला की हवा आत जात नाही, म्हणून उघडझाप करणारी पर्णरंध्रे हवीत. पर्णरंध्रे उघडली की पाणी उडून जाते, म्हणून खालून वर पाणी पुरवणारी नळी हवी. आणि ती नळी साधी असून चालत नाही. वरून पाणी ओढले जात असताना आत ऋण दाब तयार होतो व पातळ भिंतीची पेशी चिंबते. तिला आतून कडी किंवा मळसूत्रासारखे जाड पट्टे लागतात, आणि त्या पट्ट्यांना लिग्निनची बळकटी. असे पट्टे असलेली, जिवंत द्रव्य संपून पोकळ झालेली लांबट पेशी म्हणजे जलवाहक पेशी. वाहिनीवंत वनस्पतींची ओळख ती हीच. आज ज्याला आपण लाकूड म्हणतो त्याची सुरुवात पाण्याच्या नळीची भिंत टिकवण्याच्या गरजेतून झाली, झाडाला उंच करण्यासाठी नव्हे.

बीजाणूंचे पुरावे सर्वांत जुने आहेत. टिकाऊ भिंतीचे, चारांच्या जुडग्यात जखडलेले बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात, पण ते तयार करणारी वनस्पती कशी होती हे सांगणारे काही हाती लागत नाही. प्रत्यक्ष देह दिसू लागतो तो सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी, कुकसोनियाच्या रूपाने. मँचेस्टरचे प्राध्यापक विल्यम हेन्री लँग यांनी १९३७ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या खडकांतून तिचे वर्णन केले आणि ऑस्ट्रेलियन पुरावनस्पतिशास्त्रज्ञ इझाबेल कुकसन यांचे नाव तिला दिले. कुकसोनिया काही सेंटिमीटर उंचीची. पाने नाहीत, मुळे नाहीत. काडी दुभंगत जाते आणि प्रत्येक टोकाला एक बीजाणुधानी. तिच्या काडीत जलवाहक पेशी खरोखर आहेत हे डायान एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, म्हणजे नाव दिल्यानंतर ५५ वर्षांनी. तोवर ती वाहिनीवंत असल्याचा अंदाजच होता.

या सगळ्या विषयात एखादे गाव तीर्थासारखे असेल तर ते स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरचे रायनी. एल्गिन या गावचे डॉक्टर विल्यम मॅकी भूशास्त्राचे वेडे होते. १९१२ मध्ये रायनीच्या परिसरात फिरताना त्यांना गारगोटीसारखा एक दगड आढळला. त्याचे पातळ काप करून पाहिले तर आत वनस्पतींच्या काड्या होत्या. ठसे नव्हेत, कोळशाची पुटे नव्हेत, तर पेशी-पेशी शाबूत असलेल्या काड्या. सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते. त्या पाण्यातली सिलिका भोवतालच्या वनस्पतींवर चढली, पेशींत शिरली आणि कुजायला वेळ मिळण्याआधी सगळे दगडात बंद झाले. रॉबर्ट किड्स्टन आणि लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात पाच निबंधांतून या वनस्पतींचे वर्णन केले. हे निबंध पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या आणि त्यानंतरच्या धामधुमीत लिहिले गेले, आणि आजही या विषयावर काम करणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो.

रायनीच्या दगडाचा कागदाइतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आधी दिसतात पिवळट-तपकिरी वर्तुळे. ती आडव्या कापलेल्या काड्यांची. रायनिया या वनस्पतीची काडी दोन-तीन मिलिमीटर जाडीची. कडेला बाह्यत्वचेच्या पेशींची एकसलग ओळ, त्यावर मेणचट थराची गडद रेघ. ओळीत कुठेतरी दोन वाटोळसर पेशी जोडीने बसलेल्या दिसतात, त्यांच्यामध्ये फट. ते पर्णरंध्र. पान नसलेल्या काडीवरचे पर्णरंध्र. आत मोठ्या, सैल पेशी आणि मधोमध जलवाहक पेशींचा बारीकसा ठिपका. नजर थोडी सरकवली की बीजाणुधानी लागते, तिच्यात बीजाणू भरलेले. हे पाहताना काळाचे भान सुटते. सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढल्यावरच लक्षात येते की त्या वेळी जमिनीवर एकही पाठीचा कणा असलेला प्राणी नव्हता.

याच कापांनी अभ्यासकांना पुढे एक मोठा धक्का दिला. किड्स्टन आणि लँग यांनी रायनियाच्या दोन जाती वर्णिल्या होत्या, एक लहान, एक मोठी. मोठ्या जातीच्या मधल्या ठिपक्याचे बारकाईने परीक्षण डेव्हिड एस. एडवर्ड्स यांनी केले, तेव्हा त्या पेशींना पट्टेच नाहीत असे आढळले. त्या मॉसच्या पाणी नेणाऱ्या पेशींसारख्या होत्या. १९८६ मध्ये त्यांनी तिला ॲग्लाओफायटॉन हे वेगळे नाव दिले. ती दुभंगलेल्या काड्यांची, स्वतंत्रपणे जगणारी, वाहिनीवंत वनस्पतींसारखी दिसणारी, पण खऱ्या जलवाहक पेशी नसलेली. म्हणजे उभे राहणे आधी आले आणि पट्टेदार नळी मागाहून. पेशींतल्या पाण्याच्या फुगाऱ्यावर ती काडी ताठ राहत असे. या वनस्पतीच्या पेशींत बुरशीचे झाडासारखे फांद्या फुटलेले धागेही सापडले. आज आपल्या शेतातल्या बहुतेक पिकांच्या मुळांशी जी बुरशी सोबत करते, तिच्याच जातकुळीचे. मुळे निर्माण होण्याआधीच बुरशीशी भागीदारी झाली होती. त्या बागेत नुसत्या वनस्पती नव्हत्या. कोळ्यांचे दूरचे भाऊबंद, माइट आणि रायनिएला हा कीटकांचा जवळचा नातलग हेही त्याच दगडात आहेत, आणि बीजाणू खाऊन टाकलेल्या विष्ठेच्या गोळ्याही.

रायनीच्या वनस्पतींमध्ये एक मात्र वेगळीच होती, ॲस्टेरोझायलॉन. तिचे नामकरण करताना मॅकींचा मान राखला गेला: ॲस्टेरोझायलॉन मॅकीआय. ती सुमारे ४० सेंटिमीटरपर्यंत वाढे, खोडाच्या आडव्या कापात जलवाहक पेशींचा तारा दिसतो आणि खोडावर हिरव्या खवल्यांची दाटी. त्या ताऱ्यापासून खवल्यांकडे शिरा निघतात, पण बहुतेक खवल्याच्या पायथ्याशी येऊन थांबतात. पान घडताना अर्ध्यावर दगडात अडकलेले आहे, असे वाटते. हीच लायकोपॉडांच्या कुळाची ओळख. बीजाणुधानी टोकाला नव्हे, बाजूला. पान लहान, एकाच शिरेचे. जलवाहक पेशी आधी बाहेरच्या कडेला तयार होतात, मग आत.

यावरून कुणी म्हणेल की आधी कुकसोनिया, मग रायनिया, मग पाने असलेली ॲस्टेरोझायलॉन, क्रम नीट लागला. इथे ऑस्ट्रेलियातली बॅरग्वनाथिया आडवी येते. लँग आणि कुकसन यांनीच १९३५ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या खडकांतून तिचे वर्णन केले. बोटभर जाडीची खोडे, त्यांवर काही सेंटिमीटर लांबीची पाने, दिसायला अगदी आजच्या लायकोपोडियमसारखी. हे ठसे ज्या थरांत होते तिथेच ग्रॅप्टोलाइट या सागरी प्राण्यांचे जीवाश्म होते आणि ते फार जुने, सिल्युरियन काळातले. इतकी पुढारलेली वनस्पती इतक्या लवकर? पुष्कळांनी थरांच्या वयावरच शंका घेतली. १९८० च्या दशकात ग्रॅप्टोलाइटांची नव्याने ओळख पटवली गेली आणि सर्वांत खालचे थर सिल्युरियनच असल्याचे मत बळकट झाले. म्हणजे ४२ कोटी वर्षांपूर्वी युरोपात काडीएवढ्या कुकसोनिया उगवत असताना दक्षिण गोलार्धात पानांची लायकोपॉड उभी होती. क्रमाचा जिना पहिल्याच पायरीला मोडतो. मला या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते.

पुढे हाच निष्कर्ष पेशींच्या आतून मिळाला. हरितलवकाच्या डीएनएमध्ये सुमारे ३० हजार अक्षरांचा एक तुकडा आहे. नेचे, सूचिपर्णी आणि सगळी फुलझाडे यांच्यात तो उलटा बसलेला असतो. मॉसमध्ये तो सुलटा आहे, आणि लायकोपॉडांतही सुलटाच. लिंडा राउबसन आणि रॉबर्ट जॅन्सन यांनी १९९२ मध्ये हे दाखवले. तुकडा उलटण्याची घटना घडली ती दोन बाजू वेगळ्या झाल्यानंतर, फक्त एका बाजूला. या एका निरीक्षणाने वर्गीकरणाची कित्येक वर्षांची वादावादी मिटली. याच सुमारास आणि नंतर झालेल्या डीएनए अभ्यासांनी सायलोटम या वनस्पतीचाही निकाल लावला. पाने नसलेली, दुभंगणारी, मुळे नसलेली ही वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे रायनियाची जिवंत वारस म्हणून शिकवली गेली. प्रत्यक्षात ती नेच्यांच्या गोतातली निघाली, आपली पाने-मुळे गमावून बसलेली. दिसण्यावरून नाते लावण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही.

पान दोनदा घडले म्हणजे काय? नेच्यांच्या आणि फुलझाडांच्या बाजूला पान हे मुळात फांद्यांचे जाळे. फांद्या एका पातळीत आल्या, मधली जागा हिरव्या पडद्याने भरली, हा वॉल्टर त्सिमरमान यांचा सिद्धांत. लायकोपॉडांचे पान बहुधा खोडावरच्या फुगवट्यांतून आले, मग त्यात शीर शिरली. ॲस्टेरोझायलॉनच्या थबकलेल्या शिरा याच मताला आधार देतात, तरी बीजाणुधानीच वांझ होऊन पान झाली असे म्हणणारेही आहेत आणि तो वाद अजून जिवंत आहे. मुळांचेही तसेच. आंब्याच्या मुळाला उपमूळ फुटते ते आतल्या थरातून, साल फोडून बाहेर. लायकोपॉडाचे मूळ टोकाशीच दोन भागांत विभागते. अलेक्झांडर हेदरिंग्टन आणि लियाम डोलन यांनी २०१८ मध्ये ॲस्टेरोझायलॉनच्या जमिनीत जाणाऱ्या टोकांचे परीक्षण केले. त्या टोकांना आजच्या मुळांना असते ती टोपी नव्हती. मूळ हा अवयवही टप्प्याटप्प्याने आणि दोन बाजूंनी वेगवेगळा जुळत गेला.

आणि मग झाड. स्पिट्सबर्गेनमध्ये उभ्या स्थितीत सापडलेल्या लायकोपॉडांच्या बुंध्यांचे वय सुमारे ३८ कोटी वर्षे आहे. पण या कुळाचे खरे वैभव पुढच्या कार्बनी युगातले, ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा युरोप आणि उत्तर अमेरिका विषुववृत्ताजवळ होते आणि तिथल्या दलदलींत लेपिडोडेंड्रॉन आणि सिगिलॅरिया तीस मीटरहून उंच वाढत. आपल्या झाडात खोडाचा बहुतेक भाग लाकडाचा असतो. लेपिडोडेंड्रॉनच्या मीटरभर जाडीच्या खोडात लाकूड थोडेच, सगळी ताकद जाड सालीची. आयुष्याचा मोठा काळ ते बिनफांद्यांच्या खांबासारखे वाढत असे, शेंडा फुटून फांद्या पसरत त्या अखेरीला, बीजाणूंच्या शंकूंसोबत. पाने गळून पडल्यावर सालीवर चौकटीच्या आकाराचे व्रण राहत, आणि हेच व्रण घेऊन त्यांचे जीवाश्म आज संग्रहालयांत ठेवलेले आहेत. ग्लासगोच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १८८७ मध्ये असे ११ बुंधे जागच्या जागी सापडले. त्यांच्यावर छप्पर घालून ते तिथेच जतन केले आहेत.

इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीचा कोळसा मोठ्या प्रमाणात या झाडांचा आहे. आपल्याकडे मात्र ही गोष्ट सरसकट सांगितली जाते आणि ती चूक आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड इथल्या खाणींचा कोळसा पर्मियन काळातला, गोंडवन खडकांतला. त्या वेळी भारत दक्षिणेच्या थंड अक्षांशांत, हिमयुगातून नुकताच बाहेर पडलेला होता आणि इथल्या दलदलींत राज्य होते ग्लॉसोप्टेरिस या बीजधारी झाडांचे. विदर्भाच्या कोळशाच्या थरात जिभेच्या आकाराची पाने मिळतात ती त्याचीच. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने लेपिडोडेंड्रॉनचे चित्र काढून खाली चंद्रपूर लिहू नये, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

त्या दलदलींत या कुळाने बीजाच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली. लेपिडोकार्पॉनमध्ये बीजाणुधानीत एकच मोठा बीजाणू वाढे, तो बाहेर पडत नसे, आणि भोवतीचे पान त्याला वेढून घेई. सगळे मिळून एकत्र गळून पडे. डी. एच. स्कॉट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे वर्णिले. हवामान कोरडे होत गेले, दलदली आटल्या आणि हा प्रयोग मागे वारस न ठेवता संपला. चीनमध्ये ही झाडे पर्मियन काळापर्यंत तगून होती.

आज या कुळाच्या सुमारे १,३०० जाती उरल्या आहेत, तीन घराण्यांत. लायकोपोडियमचे बीजाणू तेलकट, बारीक, पाण्याने न भिजणारे आणि ज्वालाग्राही. नीप्स बंधूंनी १८०७ मध्ये सोन नदीवर जे अंतर्ज्वलन इंजिनाचे होडके चालवले त्यात याच बीजाणूंची पूड जळत होती. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात झेरॉक्सची पहिली प्रत काढली, तेव्हा गंधकाच्या थरावर त्यांनी हीच पूड भुरभुरवली होती. आपल्याकडे हे नाव घराघरांत पोहोचले ते होमिओपॅथीच्या बाटलीवरून. त्या औषधाच्या गुणाविषयी हे पुस्तक काही म्हणत नाही, पण ते ज्या वनस्पतीपासून येते तिचे पूर्वज कोण, हे नक्की सांगते.

सिलॅजिनेला सह्याद्रीच्या पावसात ओल्या कड्यांवर, झाडांच्या सावलीत सर्रास भेटते आणि मॉस समजून दुर्लक्षिली जाते. तिची पाने चार रांगांत असतात, दोन रांगा मोठ्या, दोन लहान. मध्य भारताच्या डोंगरांत वाढणारी सिलॅजिनेला ब्रायोप्टेरिस उन्हाळ्यात मुठीसारखी आवळून वाळते आणि पाणी मिळताच पुन्हा पसरते. संजीवनी म्हणून ती तीर्थस्थळी विकली जाते. जंगलातून ओरबाडून विकण्यापेक्षा तिच्या पेशी हे कसे साधतात ते शिकण्यात अधिक लाभ आहे. तिच्याच एका बहिणीचा, सिलॅजिनेला मोलेनडॉर्फीचा, जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला. बीज नसलेल्या वाहिनीवंत वनस्पतींत तो पहिला. फुलझाडांत आढळणारा लिग्निनचा एक विशिष्ट प्रकार सिलॅजिनेलानेही वेगळ्या वाटेने बनवला आहे, हे त्याआधीच लक्षात आले होते.

आयसोएटिस हे तिसरे घराणे महाराष्ट्राला सर्वांत जवळचे. पाचगणीच्या टेबललँडवर आणि कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात उथळ डबकी साचतात, त्यांत गवताच्या ठोंबासारखी ती उगवते. पुष्कळ जण गवतच समजतात. एक पान पायथ्यापासून अलगद सोडवून पाहा. तळ रुंद, फिकट, आत किंचित खोलगट, आणि त्या खोलगट भागावर पातळ पडदा. बाहेरच्या पानात पडद्याखाली रव्याच्या बारीक दाण्यांसारखे पांढरे कण दिसतात, ते मोठे बीजाणू. आतल्या पानात लहान बीजाणूंची पूड. पान आडवे मोडले की हवेच्या चार नळ्या दिसतात. गवताला हे काही नसते. टी. एस. महाबळे यांनी १९३८ मध्ये आयसोएटिस सह्याद्रिएन्सिस ही जात नोंदवली आणि शेंडे यांनी १९४५ मध्ये पाचगणीहून आयसोएटिस दीक्षिती. जात ओळखायची ती मुख्यतः मोठ्या बीजाणूच्या पृष्ठभागावरच्या नक्षीवरून, भिंगाखाली.

लेपिडोडेंड्रॉनच्या गोतातले आज जे कोणी उरले आहे ते हेच ठोंब. त्याच्या मुळाचा आडवा काप घेतला तर पोकळीत एका बाजूला चिकटलेली शीर दिसते, आणि कार्बनी युगातल्या त्या प्रचंड झाडांच्या उपमुळांतही शीर अशीच बसलेली असे. दोघांमधला दुवा ट्रायासिक काळातला प्ल्युरोमिया, माणसापेक्षा थोडा उंच, बिनफांद्यांचा. जर्मनीत मॅग्डेबर्गच्या कॅथेड्रलवरून पडून फुटलेल्या वाळूच्या दगडात तो प्रथम आढळला. आयसोएटिसच्या काही जाती पाण्याखाली राहूनही निवडुंगाप्रमाणे रात्री कार्बन डायऑक्साइड साठवतात, हे जॉन कीली यांनी १९८१ मध्ये दाखवले, कारण दिवसा डबक्यात तो वायू संपून जातो. पाचगणीच्या डबक्यांवरून गाड्यांची चाके आणि घोड्यांचे खूर जातात, कोकणात जांभ्याच्या खाणी सडे खरवडत आहेत. यातले प्रत्येक डबके म्हणजे एका वंशाचे राहते घर आहे, हे तिथल्या ग्रामपंचायतींना आणि शाळांना सांगितलेच पाहिजे.

पुस्तकातल्या वर्षांबद्दल दोन शब्द. कोटींतले आकडे किरणोत्सारी कालमापनाचे आहेत आणि नव्या मोजणीने काही लाखांनी पुढे-मागे सरकतात. पण थरांचा क्रम त्याने बदलत नाही. बीजाणुधारी आणि जननपेशीधारी या दोन पिढ्यांची आलटापालट ज्यांना नवीन असेल त्यांनी दुसरे प्रकरण आधी वाचावे, रायनीचे प्रकरण मग. ज्यांच्या घरापासून सडा जवळ आहे त्यांनी शेवटचे प्रकरण जुलैच्या आधी वाचावे, म्हणजे पाऊस स्थिरावल्यावर भिंग घेऊन कुठे बसायचे ते कळेल.